पायाकडची दोरी

शुगच्या हातात दोन नंबरचं कार्ड पडलं आणि स्वयंपाकघरातली कुजबुज एकदम थांबली.

कार्डं वाटणारे मिस्टर पर्डी दफनविधीची व्यवस्था बघणारे जुने गृहस्थ. ऑखनब्रे या स्कॉटलंडातल्या खाणगावातली निम्मी माणसं त्यांनीच दफनभूमीपर्यंत पोहोचवली होती, त्यामुळे कोणत्या घरात कोणत्या क्षणी काढता पाय घ्यायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "जरा गाडी आली का बघतो," म्हणत त्यांनी आपली काळी टोपी उचलली आणि दार हळूच लोटून घेतलं.

शवपेटीला आठ दोऱ्या. आठ माणसं त्या धरून पेटी खाली सोडतात. एक नंबर डोक्याकडची, ती थोरल्या मुलाची. दोन नंबर पायाकडची. बाकीच्या सहा दोन्ही बाजूंना, पुतण्या-भाच्यांना आणि खाणीतल्या सोबत्यांना. या गावात लग्नात कोण जेवलं, कोण रुसलं हे लोक महिन्याभरात विसरतील, पण अमक्याच्या दफनाला कोणती दोरी कुणाच्या हातात होती हे नातवंडांनाही सांगतील. आज ज्याचं दफन होतं त्या मॅथा ड्रेननचा थोरला मुलगा शुग होता. एक नंबरचं कार्ड धाकट्या गिबच्या हातात होतं.

"पर्डीला दिसत नाही आताशा," वुलकाका म्हणाला. तो मॅथाचा धाकटा भाऊ, आणि सकाळपासून त्याने दोनदा व्हिस्की ओतून घेतली होती. "बदला रे पोरांनो ती कार्डं आपापसात. संपला विषय."

"पर्डीला चांगलं दिसतं," बेला म्हणाली. ती टेबलाशी उभी राहून पावाच्या चकत्यांना लोणी लावत होती आणि नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीही लोणी कडेपर्यंत नीट पोचत होतं. "मॅथानेच सांगून ठेवलं होतं. डोक्याकडे गिब, पायाकडे शुग."

"आई, असं कसं चालेल?" नेटा उसळली. ती दोघांच्या मधली, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "थोरला कोण? अर्धी काउंटी येणार आहे आज. पेपरवाला फोटो काढायला उभाय कोपऱ्यावर. शुगला पायाशी बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते म्हणतील. त्यांना नंतर हॅम आणि सूप मिळणारच आहे."

गिब मोरीपाशी पाठ करून उभा होता. हात कधीचे धुऊन झाले होते तरी नळ चालूच. बोटांच्या सांध्यांवर कोळशाचे निळे डाग कातडीखाली बसलेले होते, ते कुठल्याच साबणाने जाणार नव्हते.

"मी मागितली नव्हती," तो म्हणाला.

"नकोही म्हणाला नाहीस," शुग म्हणाला.

"त्यांनी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

त्यावर शुगला हसूच आलं असतं, दिवस दुसरा असता तर. तो स्वतः अशीच नावं सांगायचा. ह्यू ड्रेनन, हॅल्डन टाउन या फुटबॉल क्लबचा मॅनेजर, दर शनिवारी दुपारी कपडे बदलायच्या खोलीत जर्सी वाटायचा आणि कारण द्यायचा नाही. कारण दिलं की वाद होतो, हे तो तरुण मॅनेजरांना आवर्जून सांगत असे. बाहेरच्या जगात तो ह्यू होता, बॉस होता, वर्तमानपत्रांत 'कडक ड्रेनन' होता. शुग म्हणणारी माणसं जगात एवढीच, या स्वयंपाकघरात मावणारी, आणि त्यांतलं एक आता पुढच्या खोलीत पेटीत झोपलं होतं.

"म्हणजे शिक्षा," शुग म्हणाला. "अकरा वर्षं मनात ठेवली आणि जाता जाता दिली."

कसली शिक्षा हे विचारायची गरज या घरात कुणालाच नव्हती.

शुग सतरा वर्षांचा असताना गावच्या ऑखनब्रे थिसल क्लबमधून उचलला गेला, इंग्लंडात दहा वर्षं खेळला, स्कॉटलंडची निळी जर्सी एकदाच अंगावर चढली आणि त्याच हिवाळ्यात गुडघा गेला. मग छोट्याशा स्ट्रॅथलॉ क्लबने त्याला मॅनेजर केला. पहिलं काम त्याने काय केलं असेल, तर धाकट्या भावाला आठवड्यातले तीन दिवस खाणीतून वर काढून लेफ्ट बॅक केला. मॅथाला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. दोन्ही पोरं एका संघात, आणि संघ थेट कप फायनलला! ऑखनब्रेतून आख्खी बस भरून निघाली. आणि फायनलच्या दुपारी शुगने गिबला बाहेर बसवून त्याच्या जागी एक एकोणीस वर्षांचा पोरगा उतरवला.

संघ मैदानात आला. मॅथाने गिबची तीन नंबरची जर्सी कुणाच्या पाठीवर आहे ते पाहिलं, उठला आणि चालायला लागला. स्ट्रॅथलॉने कप जिंकला तेव्हा तो रिकाम्या बसमध्ये एकटा बसून होता. गिब पुढच्याच सोमवारी खाणीत परतला, पुन्हा कुठल्याच क्लबसाठी खेळला नाही.

मॅथाने त्यानंतर बोलणं टाकलं असंही नाही. फोन आला की तो घ्यायचा. "हवा कशी आहे तिकडे?" विचारायचा, उत्तर ऐकायचा आणि फोन बेलाकडे द्यायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ही जात. शुगच्या प्रत्येक मॅचला मात्र, हा क्लब गेला, तो आला, एकदा हकालपट्टी झाली, पुन्हा नोकरी लागली, तरी घरच्या मैदानावर गेटपाशी एक तिकीट बाजूला ठेवलेलं असायचं. नाव, मॅथा ड्रेनन. ते कधीच कुणी मागायला आलं नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी शुग एकदा वळून वर त्या खुर्चीकडे बघायचा. सगळ्यांना वाटायचं साहेब प्रेक्षक मोजतोय.

"मी निघतो," शुगने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. "उद्या मॅच आहे. संध्याकाळपर्यंत पोचेन. पायाशी उभं राहून गावाला तमाशा दाखवायला मी आलेलो नाही."

"शाब्बास!" वुलकाका उठलाच. "मीही माझी दोरी परत करतो. चार नंबर. थोरल्याचा मान राखत नाहीत तिथे आपण कशाला?"

शुगने त्याच्याकडे बघितलं. भाऊ वर्षभर वरच्या खोलीत धापा टाकत होता तेव्हा हा काका दोन गल्ल्यांवरून एकदाही आला नव्हता. आपल्या बाजूने कोण उभं आहे ते पाहून शुगला कानकोंड्यासारखं झालं.

आणि नेटा, जी आत्ता त्याच्यासाठी भांडत होती, ती गर्रकन फिरली. "जा! जाच तू. तुला काय, कायमच उद्या मॅच असते. बाबा शेवटी जिना चढू शकत नव्हते, तेव्हा खाणीतून येऊन, अंगावरची काजळीही न धुता, त्यांना पाठीवर घेऊन वर कोण न्यायचं? मी सकाळपासून थोरला थोरला करतेय, वेडी मी. गिब, तूच धर डोक्याकडची. आणि पायाकडची मी धरते!"

"बायका जात नाहीत दफनभूमीत," वुलकाका म्हणाला.

"पुरुष जाताहेत कुठे? ते तर कोट घालून निघालेत!"

"नेटा," गिब वळून म्हणाला, "पुरे."

शुग दाराकडे गेला, पण बाहेरच्या नाही. पडदे ओढलेल्या पुढच्या खोलीत जाऊन पेटीपाशी उभा राहिला. झाकण अजून बसवायचं होतं. मॅथाला त्याचा एकुलता एक चांगला सूट घातला होता. आजाराने माणूस इतका बारीक झाला होता की कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती. शुगला त्याच्याशी भांडायचं होतं. इतकी वर्षं त्याने सगळं तयार ठेवलं होतं, कोणता पोरगा का खेळवला, गिबचे पाय कसे जड झाले होते, वीस मिनिटांत समोरच्या संघाच्या विंगरने त्याला कसं धुतलं असतं. एकदा तिकीट घेऊन म्हातारा आला असता, तर मॅच झाल्यावर चहा पिता पिता सगळं सांगितलं असतं. एकदा. त्याहून जास्त त्याला कधी काही नको होतं.

बेला हात पुसत आत आली.

"आई, एक खरं सांगशील?" शुग म्हणाला. "शनिवारी टीव्हीवर निकाल लागायचे, ते बाबा बघायचे का?"

खोटं बोलून पोराला बरं वाटू द्यावं, हा बेलाचा स्वभाव नव्हता. "नाही. निकाल सुरू झाले की उठून मागच्या अंगणात जायचा. पावसातही."

शुगने मान हलवली.

"मग गिब बाहेर जायचा," ती म्हणाली. "मॅथा त्याला विचारायचा, हवा कशी होती रे तिकडे आज? गिब म्हणायचा, छान, कोरडी होती. तू जिंकलास की. हरलास की म्हणायचा, ओतला मेला पाऊस. कधी कधी तर तीन गोलांचा पाऊस असायचा, तेव्हा मॅथा रात्री जेवायचा नाही."

शुगला आधी ते नीट कळलंच नाही. मग फोन आठवले. हवा कशी आहे तिकडे? आणि तो, खिडकीतून बाहेर डोकावून बघून, खरंखुरं सांगायचा. भुरभुर आहे. धुकं पडलंय. एकदा तर लागोपाठ सहा मॅचेस जिंकल्यावर त्याने बापाला गारांबद्दल सांगितलं होतं.

"मला सांगायचंत गं कुणीतरी."

"काय सांगायचं? तो विचारत नव्हता आणि तू सांगत नव्हतास. मधे पडून माझ्याच डोक्यात लाकूड बसलं असतं." तिने मॅथाची कॉलर उगाचच सारखी केली. "शुग, तुझ्या संघातला एखादा पोरगा म्हणाला, ही जागा माझी नाही, मी इथे नाही खेळणार. तू काय म्हणतोस त्याला?"

शुग कोटाची बटणं लावू लागला.

"मी विचारतेय."

"ठेवलंय तिथे खेळ, नाहीतर जर्सी काढ."

"मग," बेला म्हणाली, "ठरव आणि काय ते पर्डीला सांग. तो बिचारा थंडीत उभाय."

शुगने कोट तसाच अंगात ठेवला, आणि कार्डही खिशात.

पाद्रीबुवांची प्रार्थना घरातच झाली. मग पुरुष गाडीमागून चालत निघाले आणि बायका दारात थांबल्या. नेटा हाताची घडी घालून उभी होती. शुग तिच्यासमोरून गेला तेव्हा तिने त्याच्या खांद्यावरचा न दिसणारा कचरा झटकला. एवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं, लहानपणापासून त्यांची तीच रीत होती.

रस्ता खाणीच्या मातीच्या टेकाडाखालून, मागच्या माळाच्या कडेने जात होता. माळावर अजून गोलाचे ते दोन खांब होते, एक कललेला. कामावरून आला की मॅथा दोन्ही पोरांना इथे आणायचा. शुग नऊ वर्षांचा असेल, गिब सहाचा. तीस पावलांवर दोघांना समोरासमोर उभं करायचा आणि मधून चेंडू मारायला लावायचा. पोरं मान खाली घालून चेंडू बघत राहिली की ओरडायचा, "चेंडूकडे काय बघता? तो काय पळून जातोय? भावाकडे बघा!" मान वर ठेवून खेळणारा ड्रेनन म्हणून शुगचं पुढे इंग्लंडभर कौतुक झालं. ते कुठून आलं हे त्याला कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याच्या पुढे चार हातांवर गिब चालत होता. त्याची पाठ शुगला ओळखता आली असती हजारांत, पण गेल्या अकरा वर्षांत त्या माणसाच्या चेहऱ्याकडे त्याने नीट बघितलं नव्हतं. नाताळला टेबलाच्या एकाच बाजूला बसायचं म्हणजे बघावं लागत नाही, ही युक्ती दोघांनाही न ठरवता सापडली होती.

खड्ड्यापाशी मिस्टर पर्डींनी नंबर पुकारले. एक. गिब डोक्याकडे जाऊन उभा राहिला. दोन. थोडी कुजबुज झाली, कुणीतरी खाकरलं, पेपरवाल्याने कॅमेरा वर केला. शुग पायाकडे गेला. वुलकाकाने चार नंबर मुकाट्याने घेतली. आठ काळ्या दोऱ्या, टोकांना गोंडे, आठ हातांत आल्या, पेटीखालच्या फळ्या काढल्या आणि मॅथा ड्रेननचं सगळं वजन त्यांच्यावर आलं.

डोकं आणि पाय यांच्याच दोऱ्यांवर खरा भार असतो. बाजूचे फक्त सावरतात. गिबचे हात खाणीतले, दोरी त्याच्या तळव्यांतून मोजून मापून सरकत होती. शुगचे हात वीस वर्षं कोटाच्या खिशात राहिलेले. त्याचा डोळा पेटीवरच्या पितळी पाटीवर, बापाच्या नावावर खिळला, आणि दोरी हातातून सुटू लागली. पायाकडची बाजू भसकन खाली गेली. आत काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज झाला.

"सावकाश, ह्यू," पर्डी दबक्या आवाजात म्हणाले.

तळवे भाजत होते. शुगने दोरी आवळली तर पेटी थबकून आणखीच कलली. तो खालीच बघत होता, खाली, त्या नावाकडे, आणि हात ऐकत नव्हते.

"शुग." गिबचा आवाज खड्ड्यावरून आला, मोठा नव्हता. "खाली काय बघतोस? तो काय पळून जातोय?"

शुगने मान वर केली.

समोर गिब होता. केस विरळ झालेले, भुवईवर कोळशाची एक निळी रेघ, जी शुगच्या आठवणीत नव्हती. डोळे बापाचे. ते डोळे गच्च भरले होते आणि शुगवरून हलत नव्हते. गिबने भुवई किंचित खाली केली, म्हणजे सोड. शुगने हातभर दोरी सोडली. मग गिबने सोडली. पेटी सरळ झाली. मग एकाने आणि लगेच दुसऱ्याने, पुन्हा, पुन्हा. आजूबाजूला पाचशे माणसं असतील, पण आपल्याला दुसरं कुणी दिसत नाहीये हे शुगच्या लक्षातही आलं नाही. पेटी तळाला टेकली तेव्हा कळलंसुद्धा नाही, इतकी अलगद.

डोक्याशी आणि पायाशी उभ्या राहणाऱ्या दोघांना एकमेकांची तोंडं बघावीच लागतात. म्हाताऱ्याने हे विचार करून केलं, की रागाने केलं, हे आता त्यालाच ठाऊक. शुगला ते विचारायची फार इच्छा झाली. त्याला हेही कळलं की उरलेला जन्म ही इच्छा अशीच राहणार, कमी होणार नाही.

बाकीच्यांनी दोऱ्या खड्ड्यात टाकल्या. शुगला सोडवेना. गिबही आपली धरून उभा राहिला, पर्डींनी घसा साफ केला तरी. मग शुगने मान हलवली आणि दोघांनी बरोबरच सोडल्या.

सूप आणि हॅम खाणकामगारांच्या हॉलमध्ये होतं. वुलकाका आत कुणालातरी सांगत होता की पोरांची समजूत आपणच घातली. शुग बाहेर भिंतीला टेकून हाताच्या तळव्यांवरचे वळ बघत होता. गिब दोन कप चहा घेऊन आला.

"तो पोरगा माझ्यापेक्षा जलद होता," गिब म्हणाला. कोण पोरगा, ते सांगायला लागलं नाही.

"होता."

"बाबांनाही माहीत होतं. त्या दिवशी मी त्यांच्याच बसने परत आलो, तेव्हा म्हणाले, शुगने बरोबर केलं."

शुग त्याच्याकडे वळला. "मग? मग अकरा वर्षं कशाला?"

"मग काय? बाप होते ते शुग. मॅनेजर नव्हते."

रस्त्यावरून खाणीची बस गेली. ड्रायव्हरने दोघांना बघून टोपी काढली. चहा फार गोड झाला होता, गिब नेहमीच जास्त साखर घालायचा, आणि शुगने तो शेवटपर्यंत प्यायला.

"ते तिकीट," गिब म्हणाला. "आई म्हणाली, तू अजून ठेवतोस."

"ठेवतो."

"उद्याचंही?"

"सोमवारीच सांगून झालं होतं गेटवर. मंगळवारी तुझा फोन आला. मग रद्द करायचं मला... जमलं नाही." त्याने रिकामा कप गिबच्या हातात दिला आणि म्हणाला, "आज रात्री चल माझ्याबरोबर. गेटवर तुझं नाव घालायला सांगतो."

गिबने दोन्ही कप एकात एक घातले आणि एकदा माळाकडे बघितलं.

"नाव नको बदलू," तो म्हणाला. "मी तेच सांगून मागेन."